कोऱ्या पानावरच्या सह्या



आज जुन्या कायद्यांची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी, सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत, आमच्या गटाची बैठक रात्री ओट्यावर बसली होती. ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन आला. "उद्या ग्रामसभा हाये. बायांची सभा झाली असं दाखवा लागते. सह्या करून द्या वं माय." पान कोरं होतं. दिवसभर वावरात वाकून सगळ्यांच्या कमरा गेल्या होत्या. पहिली सही मी केली. मी गटांची समन्वयक, बी.ए. झालेली. माझी सही पाहून बाकीच्या अकरा जणींनी केल्या. दोघींनी अंगठे लावले.

दोन महिन्यांनी हातपंपाजवळ साचणाऱ्या चिखलाचं काय झालं, हे विचारायला मी ग्रामपंचायतीत गेले. तेच रजिस्टर समोर आलं. त्या पानावर आता लिहिलं होतं की महिला सभेने सामाजिक सभागृहाची मागणी एकमताने केली. खाली आमच्या बारा सह्या आणि दोन अंगठे. सभागृह कुणी मागितलं होतं? आमच्यापैकी कुणीच नाही. पण कागद म्हणत होता की आम्हीच. तिथे भांडायलाही तोंड नव्हतं.

तेव्हापासून मला प्रश्न पडला, ही महिला सभा आली कुठून? ती कुणी आणि कशासाठी कायद्यात घातली? विचारत, वाचत गेले, तेव्हा लक्षात आलं की गावाचा विकास कुणी ठरवायचा हा वाद आपल्या आजीच्याही आधीचा आहे.

माझी आजेसासू गावच्या शाळेला अजून "जनपदची शाळा" म्हणते. आम्हाला वाटायचं, जुन्या माणसांचं काहीतरी. पण ते खरं आहे. आपला बुलडाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडात, म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशात होता. तिथे १९४८ साली जनपद सभा सुरू झाल्या, साधारण तालुक्याला एक. शाळा, रस्ते, दवाखाने या सभांकडे. गावपातळीवर १९४६ च्या कायद्याने पंचायती होत्या. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्य बदललं, सरकारी कागदावरचं नाव बदललं, गावात बसून निर्णय घेणारी माणसं मात्र तीच राहिली.

१९५७ साली दिल्लीत बलवंतराय मेहता समितीने सांगितलं की विकासाच्या योजना लोकांच्या हाती दिल्याशिवाय चालणार नाहीत. त्यानंतर महाराष्ट्राने आपली समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुसदचे, म्हणजे आपल्याच वऱ्हाडातले वसंतराव नाईक. १९६१ चा जिल्हा परिषदेचा कायदा त्यातून आला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या उभ्या राहिल्या आणि जनपद सभा गेल्या. ग्रामपंचायतीसाठी १९५८ चा कायदा आधीच होता. आज आपण ज्या कायद्याने चालतो तो तोच, वेळोवेळी दुरुस्त केलेला.

१९५८ च्या कायद्यात ग्रामसभा होती बरं का. पण कशी? वर्षाचा हिशेब वाचायचा, लोकांनी ऐकायचा, घरी जायचं. बायांसाठी पंचायतीत एखाददुसरी जागा. ती बाई कोण, तर बहुतेक वेळा पाटलाच्या घरातली. पदर डोक्यावर घेऊन दारामागे बसायची आणि रजिस्टर तिच्याकडे जायचं. म्हणजे कोऱ्या पानावरची सही काही माझ्यापासून सुरू झालेली नाही.

मग १९७२ चा दुष्काळ. तो आपल्या घराघरात सांगितला जातो. खडी फोडून, माती वाहून बायांनी रस्ते, पाझर तलाव, नाल्याचे बांध केले. त्यातून महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा आला. तो १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क कायद्यात लिहिणारं हे राज्य. पुढे २००५ मध्ये देशाचा कायदा झाला, त्यामागे हीच कल्पना होती. पण मी माझ्या सासूला विचारलं, "आत्याबाई, तुम्ही माती टाकली तो तलाव तिथेच करायचा हे कुणी ठरवलं?" ती हसली. "आमाले कोन इचारते? मस्टरवर नाव लागलं का झालं." राबायला बाई, ठरवायला दुसराच कुणी. रोजगार हमीबद्दल मला फार आदर आहे, पण ही गोष्ट तिच्या कौतुकात दबून जाते.

बायांनी स्वतः दार ढकललं ते त्यानंतर. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. तिथे हजारो शेतकरी बाया जमल्या. बायांनी पंचायतीच्या निवडणुका लढवायच्या, हा विचार तिथून गावोगाव गेला. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला सगळ्या बायांचीच पंचायत निवडून आली. (खानदेशातलं जळगाव, आपलं जळगाव जामोद नव्हे.) पुढे लक्ष्मीमुक्ती नावाच्या मोहिमेत शेतकऱ्यांनी जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर केला. हे सगळं आरक्षण नसताना.

आरक्षण नंतर आलं. महाराष्ट्राने १९९० च्या सुमारास तीस टक्के जागा दिल्या. मग ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. तिने दोन गोष्टी केल्या. एक आपल्याला पाठ आहे, एकतृतीयांश जागा बायांना. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. घटनेत ग्रामसभा आली, आणि आर्थिक विकास व सामाजिक न्याय यांचं नियोजन पंचायतीने करायचं, असं लिहिलं गेलं. त्याला जोडून २९ विषयांची यादी आहे. पाणी, रस्ते, शाळा, आरोग्य, महिला व बालविकास, सगळं त्यात येतं.

आणि २००३ साली महाराष्ट्राने ग्रामपंचायत कायदा दुरुस्त करून ग्रामसभेला अधिकार दिले. त्याच दुरुस्तीत आपली महिला सभा बसली. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी गावातल्या बायांची वेगळी सभा घ्यायचीच. का? कारण मोठ्या सभेत सासरे, दीर, गावचे जाणते पुढे बसतात. त्यांच्यासमोर सून संडासाबद्दल, दारूबद्दल, पाण्याच्या वेळेबद्दल बोलत नाही. आधी बायांत बोलू द्या, मग तो ठराव ग्रामसभेत न्या. ज्यांनी हे कलम घातलं त्यांना गावातली लाज ठाऊक होती.

आता थोडं कामाचं. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघायला हवी. वर्षातून किमान चार सभा. गणपूर्ती, ज्याला आपण कोरम म्हणतो, ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर जण, यापैकी जे कमी असेल ते. कोरम नसला की सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा कोरम लागत नाही! म्हणजे पहिल्या दिवशी आपण वावरात गेलो, तर दुसऱ्या दिवशी पंधरा माणसं पूर्ण गावाचा निर्णय घेऊ शकतात. बेकायदेशीर काही नाही त्यात. म्हणून पहिल्या दिवशी जाणं महत्त्वाचं.

२०१५ पासून "आमचं गाव, आमचा विकास" या नावाने प्रत्येक ग्रामपंचायतीने आराखडा करायचा आहे. वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो तो या आराखड्यातल्या कामांसाठी. आराखड्यात नसलेलं काम मागायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं, "आराखड्यात नाही." आमच्या हातपंपाच्या चिखलालाही हेच उत्तर मिळालं होतं. आराखड्यात होतं ते सभागृह, आमच्याच सह्यांचं.

शहराकडची तऱ्हा वेगळी. तिथे १९६६ चा नगररचना कायदा चालतो. विकास आराखडा अधिकारी तयार करतात, मग तो प्रसिद्ध होतो, आणि साधारण तीस दिवसांत हरकती-सूचना लेखी द्यायच्या. सभा नाही, कागद. आपल्या जिल्ह्यात मोताळा, संग्रामपूर ही गावं नगरपंचायती झाली, तेव्हा तिथली ग्रामसभा संपली. आपल्या वावरावर रस्त्याचं आरक्षण पडलं का, हे तिथल्या बाईला नकाशा वाचून कळायला हवं.

कुणाला विचारायचं, हे ठरवण्यातच सगळं येतं. रायगड जिल्ह्यात सेझसाठी जमिनी द्यायच्या का, यावर २१ सप्टेंबर २००८ ला २२ गावांत जनमत घेतलं गेलं. तसं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. पण मत कुणाला, तर ज्याच्या नावावर सातबारा त्याला. त्याचा निकाल सरकारने कधी जाहीरही केला नाही. त्याच वर्षी दारूबंदीचे नियम आले. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीच्या बाजूने गेल्या तर दुकान बंद. तिथे सातबारा कुणी मागत नाही. समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेडराजा भागातून गेला, तेव्हा जमिनीचे व्यवहारही सातबाऱ्यावरच्या नावांशी झाले. ज्या सुना त्या वावरात वीस वर्षं निंदत होत्या, त्यांचं नाव कुठे होतं?

आमच्या गावात पुढे काय झालं ते सांगते. वर्षभराने महिला सभेची नोटीस आम्हीच मागून घेतली. शाळेच्या वर्गात बसलो. चाळीसेक बाया. पहिला अर्धा तास कुणी बोलेना. मग एक काकू म्हणाली, "चिखलात घागर घेऊन माझी सून पडली, तिचे दिवस गेले होते." त्यानंतर वर्गात कुणाला थांबवणं कठीण झालं. हातपंपाभोवती ओटा आणि नाली, बसथांब्याजवळ बायांसाठी संडास, अंगणवाडीला पाणी, असे तीन ठराव झाले. मी ते तिथेच मोठ्याने वाचले, मग सह्या घेतल्या, आणि ओळीच्या खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर काट मारली. रजिस्टरच्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये काढला.

ओटा आणि नाली झाली. अंगणवाडीला नळ आला, पाणी अधूनमधून येतं. संडास आराखड्यात आहे, चौथ्या क्रमांकावर, दोन वर्षांपासून. सभागृहही झालं, आणि खरं सांगायचं तर गटाच्या बैठका आता पावसाळ्यात तिथेच होतात.

मागच्या जानेवारीत शिपाई परत आला. नवा पोरगा आहे, त्याला आधीचं ठाऊक नाही. रजिस्टर पुढे करून म्हणाला, "काकू, सही." काकूला लिहिता येत नाही, तिने अंगठा साडीच्या पदराला पुसला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आधी वाचून दाखव वं, काय लिहेल हाये त्याच्यात."