जड झालेला स्पिंडल आणि तेलाचे पटल

आपल्या लोहार ज्ञातीचे आणि चाकाचे नाते फार जुने आहे. बैलगाडीच्या चाकावर तापलेली धाव चढविण्याचे काम आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या केले. चाक कुरकुरू लागले की आखाला वंगण हवे, हे त्यांना कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते. तथापि वंगण नेमके काय करते, हे जगाला उमगून अद्याप दीडशे वर्षेही झालेली नाहीत. आज आपले अनेक तरुण सरफेस ग्राइंडरवर काम करतात. त्यांना हा इतिहास उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

कठीण पोलादाला सूक्ष्म माप देणारी यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आली. अमेरिकेत जोसेफ ब्राउन यांच्या रचनेचे ग्राइंडिंग यंत्र १८७६ मध्ये तयार झाले. १८९१ मध्ये एडवर्ड अ‍ॅचिसन यांना कार्बोरंडम सापडले आणि यंत्राला उत्तम कृत्रिम सहाण लाभली. परंतु सहाण कितीही चांगली असली, तरी ती ज्या स्पिंडलवर फिरते तो निर्वेध फिरला पाहिजे.

याचे मर्म रेल्वेच्या आसांवरील संशोधनातून उलगडले. इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर हे १८८३ च्या सुमारास बेअरिंगच्या घर्षणाचे प्रयोग करीत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तो तेल आत जाण्याऐवजी उसळून वर येऊ लागले! त्यांनी बूच मारले, मग लाकडी खुंटी ठोकली. दोन्ही बाहेर फेकली गेली. दाबमापक लावताच दर चौरस इंचास २०० पौंडांहून अधिक दाब दिसला. बेअरिंगवरील सरासरी भार त्याच्या निम्माच होता. म्हणजे फिरणारा आस धातूवर टेकलेला नसून तेलाच्या पटलावर तरंगत होता. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याची गणिती मीमांसा केली: आस स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढतो व त्यातून दाब उत्पन्न होतो. रशियात पेट्रॉव्ह यांनी १८८३ मध्येच दाखविले होते की, तेल जितके दाट आणि फट जितकी अरुंद, तितके घर्षण अधिक.

काशाच्या बुशात फिरणाऱ्या जुन्या स्पिंडलच्या दुखण्याची परीक्षा याच सूत्राने करावी. प्रथम वीज तोडून पट्टा उतरवावा व स्पिंडल हाताने फिरवावा. आता तो हलका फिरला, तर दोष ताणलेल्या पट्ट्यात अथवा मोटरीत आहे. सकाळी जड व तासाभराने हलका होत असेल, तर तेल दाट आहे अथवा जुने तेल चिकटले आहे. सहाण उतरवावी, घासलेटाने बुश धुवावा, घाण निघेपर्यंत स्पिंडल हातानेच फिरवावा आणि मग पातळ स्पिंडल तेल भरावे. उलट, प्रारंभी हलका असून तापताच आवळत असेल, तर फट अपुरी आहे. तेव्हा बुश आवळणाऱ्या नटाची जुनी जागा खुणावून तो किंचित सैल करावा. बुश खरवडणे हा अगदी शेवटचा उपाय होय. बॉल बेअरिंगच्या यंत्रास ही रीत लागू नाही. तेथे हातोड्याचा एक घावही बेअरिंग कायमचे बिघडवितो.

आपल्यातील कित्येक कुटुंबांनी कर्ज काढून जुनी यंत्रे घेतली आहेत. स्पिंडल जड झाला की कोणी घाईने बुश खरवडतो. मग तो डुगडुगतो, कामावर लाटा उमटतात आणि वाटीभर तेलाने सुधारले असते ते यंत्र भंगारात जाते. त्यासोबत घरची मिळकतही जाते.

आपल्या पूर्वजांनी ऐरणीवर घण चालविला, पण घण केव्हा खाली ठेवावा हेही ते जाणत होते. तरुण ज्ञातिबंधूंनी त्यांच्या हातातील बळाबरोबर हा विवेकही उचलावा, एवढीच विनंती.