धनुष्याला दांडा कधी फुटला?

स्पर्धेत उतरलेल्या तिरंदाजाच्या धनुष्यावर प्रथम नजरेत भरतो तो मुठीपुढे निघालेला लांब दांडा आणि त्याच्या टोकाचे छोटे वजन. हा स्टॅबिलायझर. हजारो वर्षांच्या धनुर्विद्येत त्याचा मागमूस नाही. मग त्याचा खरोखर उपयोग होतो, की तो नुसता आधुनिक बडेजाव?

१५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्रजी लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्याच्या अवशेषांत १३० हून अधिक धनुष्ये मिळाली. ती सगळी यू लाकडाची, साधी, दांड्याविना. यात अज्ञान शोधू नये. त्या तिरंदाजांना शत्रूच्या दाटीवर जड बाणांचा वर्षाव करायचा होता. घोड्यावरून बाण सोडणाऱ्या मंगोल स्वाराला तर असा दांडा अडचणच ठरला असता. एका क्षणी डावीकडे, दुसऱ्या क्षणी मागे वळताना तो घोड्याच्या मानेत अडकायचा!

जपानी क्यूदोची वाट आणखी वेगळी. तेथे बाण सुटताच धनुष्य मुठीत फिरते आणि प्रत्यंचा हाताच्या बाहेरच्या बाजूस येते. हे फिरणे थोपवले जात नाही. ते सहज घडणे हीच साधकाची परीक्षा मानली जाते.

दांड्याची गरज निर्माण केली ती कागदी लक्ष्याने. ९० मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटीमीटर व्यासाचे असते. बाणाच्या दिशेत अंशाच्या दहाव्या भागाएवढी चूक झाली, तरी तो तेथे सुमारे १६ सेंटीमीटर सरकतो, म्हणजे वर्तुळाबाहेर. प्रत्यंचा सुटल्यापासून बाण तिच्यापासून वेगळा होईपर्यंत सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग जातो. तेवढ्या अवधीत मूठ किंचित पिळली गेली, तरी नेम गेला.

येथे डोंबाऱ्याची काठी आठवावी. वजन मध्यापासून जितके दूर, तितके ते फिरवणे कठीण. अंतर दुप्पट केले, तर फिरण्याला होणारा विरोध चौपट. म्हणूनच टोकाशी लावलेले थोडे वजनही धनुष्याचे पिळणे मंदावते. हे तत्त्व धनुष्यावर चढवून १९६१ मध्ये स्टॅबिलायझर प्रचारात आणला तो अमेरिकन धनुष्यनिर्माता अर्ल हॉयट याने. १९७२ मध्ये म्युनिकला ५२ वर्षांच्या खंडानंतर तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली, तेव्हा हे दांडे मैदानावर रुळलेले होते.

२०२३ च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाऊंड प्रकाराच्या अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवले. अशा अचूकतेच्या खेळात दांडा नाकारणे म्हणजे निव्वळ हट्ट. मात्र तो नेम धरत नाही. चांगल्या हाताची बारीक थरथर तेवढी सावरतो. खांदा अजून तयार नसलेल्या नवशिक्याला त्याचे वजन लवकर थकवते, म्हणून आधी उभे राहण्याची ढब आणि प्रत्यंचा सोडण्याची सवय पक्की करणे शहाणपणाचे.

ज्यांना दांडा नकोच, त्यांच्यासाठी बेअरबो हा प्रकार आहे. मुठीजवळ वजन लावण्यास तेथे मुभा असते, पण प्रत्यंचा उतरवलेले धनुष्य एका कड्यातून पार जावे लागते. त्या कड्याचा व्यासही, गंमत म्हणजे, १२.२ सेंटीमीटरच.