घरच्या घरी रम पंच : पाच जिन्नसांचे थंडगार पेय

'पंच' हे नाव ऐकताच पाश्चात्त्य मेजवानी डोळ्यांसमोर येते. परंतु या पेयाची पाळेमुळे आपल्याच किनाऱ्यावर असल्याचे मानले जाते. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर सतराव्या शतकात मुंबई, सुरत व गोवा परिसरात वावरला. १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने गोव्याजवळच्या नेरूळच्या अरकाची वाखाणणी केली आणि पाच जिन्नसांमुळे पेयाला 'पंच' हे नाव पडल्याचे नोंदवले. या व्युत्पत्तीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे अरकाची जागा उसाच्या मळीपासून बनणाऱ्या रमने घेतली.

साहित्य (एका ग्लाससाठी) : रम ६० मि.ली., ताज्या लिंबाचा रस २० मि.ली., साखरेचा पाक २० मि.ली., गार सोडा १०० मि.ली., चिमूटभर किसलेले जायफळ. शिवाय पुदिन्याची सात-आठ पाने व बर्फ.

कृती : साखर व पाणी समप्रमाणात घेऊन साखर विरघळेपर्यंतच तापवावे, तार येऊ देऊ नये. पाक पूर्ण गार झाल्यावर ग्लासात पुदिन्यासह घालून पाने हलकेच दाबावीत. ती चेचल्यास कडवटपणा उतरतो. त्यावर लिंबाचा रस व रम घालून ढवळावे आणि बर्फाचे मोठे खडे टाकावेत. ते सावकाश वितळतात व चव पातळ होत नाही. सोडा अखेरीस ओतावा, म्हणजे फेस टिकतो. वरून जायफळ भुरभुरावे.

कोकणी चव : पाकाऐवजी अमृत कोकम वापरावे व लिंबाचा रस निम्मा करावा. दादर-गिरगावातील कोकणी मालाच्या दुकानांत ते सहज मिळते. आगळ मात्र खारट असल्याने थेट वापरू नये.

हे ध्यानात असावे : आंबटगोड चवीत मद्याची तीव्रता लपते. ४२.८ टक्क्यांच्या ६० मि.ली. रममध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. त्यामुळे दुसरा ग्लास भरण्यापूर्वी विचार करावा. १९४९ च्या मद्यनिषेध कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, अगदी स्वतःच्या घरातही. रमसाठी किमान वय २५ वर्षे आहे. वाहन चालवून परतणाऱ्या पाहुण्यांसाठी रम वगळून, सोडा वाढवून हेच पेय करावे. तेही तितकेच तरतरी आणते.