खुणांचे वाचन : ऑस्ट्रेलिया मोटारीने ओलांडण्याच्या आखणीचा इतिहास

ऑस्ट्रेलिया खंड मोटारीने ओलांडू पाहणाऱ्याला आज जी तयारी करावी लागते, तिची यादी वरवर पाहता रूक्ष वाटते. माणशी दिवसाला किती लिटर पाणी, दोन पेट्रोलपंपांमधले अंतर, जादा चाके, उपग्रहाद्वारे चालणारा फोन, पावसाळ्यात बंद होणाऱ्या उत्तरेकडील वाटा, मूळनिवासींच्या जमिनींतून जाण्याचे परवाने, आणि शेवटी ठळक अक्षरांत एक सूचना : गाडी बंद पडली तरी गाडी सोडून जाऊ नका. साहित्याच्या अभ्यासकाने अशा यादीकडे कशासाठी वळावे, असा प्रश्न कोणी करील. आमचे म्हणणे असे की, ही यादी म्हणजे अनेक हातांनी सिद्ध झालेली एक संहिताच आहे. तिच्यातील बहुतेक ओळींमागे कोणाचा तरी प्रवास आहे, काहींच्या मागे मृत्यू आहे. आणि अनेक जुन्या संहितांप्रमाणे इथेही काही कर्त्यांची नावे टिकली, काहींची पुसली गेली. हा इतिहास थोडक्यात पाहण्याजोगा आहे.

त्याचा आरंभ मोटारीच्या आधीपासून करावा लागतो. २० ऑगस्ट १८६० रोजी बर्क आणि विल्स यांची मोहीम मेलबर्नहून उत्तर किनाऱ्याकडे निघाली. सोबत सुमारे वीस टन सामान होते. त्यात मेज-खुर्च्या होत्या, आतषबाजीचे बाण होते, चिनी घंटाही होती. कराची बंदरातून मुद्दाम आणवलेले उंट होते आणि त्यांची निगा राखण्यासाठी हिंदुस्थानच्या वायव्येकडील उंटवाले होते. नसलेली गोष्ट एकच : त्या भूमीत राहणाऱ्यांकडून काही शिकण्याची तयारी.

कूपर क्रीक येथे तळ ठेवून बर्क, विल्स, किंग आणि ग्रे असे चौघे पुढे गेले. चार महिन्यांनी, २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी, त्यांतले तिघे परतले तेव्हा तळ ओस पडला होता. तळावरची माणसे वाट पाहून त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. चौथा सोबती, ग्रे, वाटेत मरण पावला होता आणि त्याला पुरण्यात या तिघांचा एक दिवस गेला होता. कूलिबाच्या एका झाडावर ‘येथे खणा’ अशी खूण कोरलेली होती. त्यांनी खणले, पुरलेले अन्न काढले, आपले पत्र त्याच खड्ड्यात ठेवले, आणि खड्डा पूर्ववत बुजवून ते चालू लागले. झाडावरच्या अक्षरांत मात्र त्यांनी कोणतीही भर घातली नाही. मे महिन्यात तळाचा प्रमुख ब्राहे पुन्हा तेथे आला. त्याला आपलीच जुनी खूण तेवढी दिसली. कोणी येऊन गेलेले नाही असा अर्थ लावून तो परत फिरला. पत्र जमिनीखालीच राहिले.

एकाच मजकुराचे दोन वाचक, आणि दोघांचेही वाचन चुकलेले! बर्क आणि विल्स काही आठवड्यांत मेले. त्यांनी नार्डू नावाच्या पाणवनस्पतीच्या बीजकोशांचे पीठ खाल्ले होते. स्थानिक यान्ड्रुवान्धा लोकांचे ते रोजचे अन्न. ते लोक हे बीजकोश भाजत, दळत, पाण्याने धूत. तसे न केल्यास त्यातील एका घटकामुळे शरीरातील ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. गोऱ्या प्रवाशांनी पदार्थ घेतला, कृती अर्धीच घेतली. भरल्या पोटी ते खंगत गेले, असे आज अनेक अभ्यासक मानतात. किंग मात्र त्याच लोकांच्या आश्रयाने जगला आणि सप्टेंबरमध्ये शोधपथकाला सापडला.

या कथेत पुढच्या सगळ्या आखणीचे सूत्र आहे असे आम्हांला वाटते. या खंडात प्रवास आखणे म्हणजे आधीच्यांनी ठेवलेल्या खुणा वाचणे आणि मागून येणाऱ्यांसाठी आपल्या खुणा ठेवणे. प्रश्न इतकाच की कोणाच्या खुणांना खूण मानायचे?

१८६२ मध्ये जॉन मॅकडुअल स्टुअर्टने दक्षिणेकडून उत्तर किनारा गाठला. आयर सरोवराच्या पश्चिमेला जमिनीतून वर येणाऱ्या झऱ्यांची जी रांग आहे, तिच्या आधाराने त्याची वाट गेली. ते झरे तेथील लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. स्टुअर्टच्या वाटेवरून १८७२ मध्ये तारायंत्राची लाइन पूर्ण झाली. तिची ठाणी साहजिकच पाण्याच्या आसपास बसली. मोटार आली ती या तारेचा हात धरून. १९०७ च्या नोव्हेंबरात हॅरी डटन आणि मरे ऑंगर हे टॅल्बट गाडीतून ॲडलेडहून डार्विनकडे निघाले. टेनंट क्रीकच्या दक्षिणेला गाडी मोडली, पावसाळा अंगावर आला, आणि गाडी तेथेच टाकून त्यांना घोड्यांवरून परतावे लागले. पुढच्या वर्षी ते कोरड्या ऋतूत, जूनच्या अखेरीस, दुसरी टॅल्बट घेऊन निघाले. टाकलेल्या गाडीपर्यंत पोहोचून त्यांनी ती दुरुस्त केली आणि ऑगस्टमध्ये डार्विन गाठले. ‘उत्तरेकडे पावसाळ्यात जाऊ नये’ ही आजच्या यादीतील ओळ मोटारींपुरती त्या दोन वर्षांत लिहिली गेली, असे म्हणता येईल. त्या भूमीतल्या लोकांना ती अर्थातच पाठ होती.

पश्चिमेकडच्या वाटेची गोष्टही अशीच आहे. १८४१ मध्ये एडवर्ड जॉन एअर नलारबॉरचे पठार ओलांडून आल्बनीला पोहोचला. ‘एकही झाड नाही’ असा अर्थ होईल अशा लॅटिन शब्दांवरून बनलेले हे नाव पुढे पडले. एअरबरोबर अखेरपर्यंत राहिला तो वायली नावाचा मूळनिवासी तरुण. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्यांत खणले म्हणजे पाणी लागते, हेही एअरला वाटेतल्या मूळनिवासींनीच दाखवले होते. आज त्या महामार्गाला एअरचे नाव आहे. वायलीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत शोधावे लागते.

ज्ञान घेण्याची याहून क्रूर रीत कॅनिंगच्या वाटेवर दिसते. गुरांचे कळप हॉल्स क्रीकहून विलुनापर्यंत हाकता यावेत यासाठी आल्फ्रेड कॅनिंगने १९०६-०७ मध्ये सुमारे १,८५० किलोमीटर लांबीच्या वाळवंटी मार्गाची पाहणी केली. पाणी कोठे आहे हे वदवून घेण्यासाठी त्याच्या तुकडीने मूळनिवासींना साखळदंडांनी बांधून चालवले. तुकडीतल्याच स्वयंपाक्याने तक्रार केली, १९०८ मध्ये चौकशी आयोग बसला, आणि कॅनिंग निर्दोष ठरला. मग विहिरी खणल्या गेल्या, त्यांना अनुक्रमांक मिळाले. ज्या पाणवठ्यांना आपापली नावे आणि कथा होत्या, त्यांतले कित्येक नकाशावर निव्वळ आकडे होऊन राहिले. ही संपूर्ण वाट मोटारीने पार व्हायला १९६८ साल उजाडावे लागले.

मोटारीचा पहिला खरा लेखनिक म्हणजे फ्रान्सिस बर्टल्स. १९१२ मध्ये सिड फर्ग्युसन आणि रेक्स नावाचा कुत्रा यांच्यासह त्याने एका सिलिंडरच्या ब्रश गाडीतून फ्रीमँटल ते सिडनी हा प्रवास २८ दिवसांत केला. पश्चिमेकडून पूर्वेकडे खंड ओलांडणारी ही पहिली मोटार. त्यापूर्वी अनेक वर्षे त्याने हाच खंड सायकलवरून पालथा घातला होता. पाणी आणि मुक्काम यांची त्याची माहिती पायांनी कमावलेली होती. पुढे १९२७-२८ मध्ये लंडनहून निघून हिंदुस्थान आणि नागा टेकड्यांमधून ब्रह्मदेशमार्गे तो मेलबर्नला मोटारीने पोहोचला.

यानंतर रस्तेच बदलले. दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेपोटी उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही महामार्ग घाईने बांधले गेले. १९५३ च्या रेडेक्स शर्यतीत सर्वसामान्यांच्या वापरातल्या गाड्या सुमारे १०,५०० किलोमीटर धावल्या आणि ही वाट आपल्यासारख्यांचीही आहे असे मध्यमवर्गाला वाटू लागले. एअर महामार्गाचे डांबरीकरण १९७६ मध्ये पुरे झाले, स्टुअर्ट महामार्गाचे १९८७ मध्ये. दरम्यान लेन बीडेलच्या तुकडीने वाळवंटात हजारो किलोमीटरच्या कच्च्या वाटा काढल्या. त्यांतील गनबॅरल मार्ग १९५८ मध्ये पूर्ण झाला. बीडेल जागोजागी अक्षांश-रेखांश ठोकलेले ॲल्युमिनियमचे पत्रे लावून जाई. बर्कच्या झाडाशी तुलना केली तर या खुणा किती नेमक्या! पण या वाटा काढल्या गेल्या त्या क्षेपणास्त्रांच्या आणि अणुस्फोटांच्या चाचण्यांसाठी, हे विसरता येत नाही. एमू फील्ड आणि मारालिंगा येथील त्या चाचण्यांच्या काळात तेथील लोकांना त्यांच्याच भूमीतून हलवले गेले. प्रवाशासाठी वाट उघडली तेव्हा यजमानाला घराबाहेर काढलेले होते.

यादीतली शेवटची सूचनाही एका दुर्घटनेची आठवण देते. १९६३ च्या नाताळात बर्ड्सव्हिलच्या वाटेवर एक कुटुंब रस्ता चुकले, पेट्रोल संपले, आणि गाडी सोडून पायी निघालेले पाचही जण तहानेने मेले. गाडी दुरून दिसते, माणूस दिसत नाही. आज अनेक माहितीपत्रकांत एका ओळीत येणाऱ्या या सूचनेचे मोल त्या पाच जिवांइतके आहे.

आता परवान्याच्या ओळीकडे वळू. पुष्कळ प्रवाशांना ही सर्वांत त्रासदायक वाटते : आधी अर्ज करा, मार्ग कळवा, उत्तराची वाट पाहा. आम्हांला मात्र हीच ओळ सर्वांत अर्थपूर्ण वाटते. १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीचा भूमिहक्क कायदा आणि १९८४ चा मारालिंगा जारुत्जा कायदा यांनी मूळनिवासींच्या मालकीला कायद्याची मान्यता दिली. ज्यांच्याकडून पाण्याचे ज्ञान कधी मागून, कधी साखळदंड घालून घेतले गेले, त्यांच्या दारावर आता थाप मारून आत यावे लागते. शंभर-सव्वाशे वर्षांनी का होईना, पुसलेल्या कर्त्याचे नाव संहितेत परत आले आहे.

वर्गात आपण विद्यार्थ्यांना सांगतो की मजकूर वाचताना तो कोणी लिहिला आणि कोणाला गप्प बसवून लिहिला, हेही विचारावे. उपग्रहाच्या नकाशावर निळी रेघ पुढे सरकत असते तेव्हा हा प्रश्न सुचणे कठीण. रेघ जणू आपोआप उमटलेली असते. पण त्या रेघेखाली झरे आहेत, आकडे घातलेल्या विहिरी आहेत, आणि खाली पत्र असूनही तसे न सांगणारे कूपर क्रीकचे एक झाड आहे. प्रवासाला निघणाऱ्याने पाण्याचे कॅन मोजताना हे सारे आठवावे, एवढीच आमची अपेक्षा.