गोठ्यातले विषाणू : प्रस्तावना

गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि नगरकडच्या ऊसतोड टोळ्या बैलजोड्या घेऊन इंदापूर-बारामतीत उतरतात. उजनीकाठच्या पळसदेवसारख्या गावात मग दावणीच्या संकरित गाई, परमुलखाचे बैल आणि उकिरड्यावर चरणारी डुकरे शेजारीशेजारी येतात. जनावरांच्या विषाणूंचा अभ्यास करू पाहणाऱ्याने सुरुवात इथून करावी. सूक्ष्मदर्शक नंतर.

लाळ्या-खुरकुताचे घ्या. 1897 मध्ये लोफ्लर आणि फ्रॉश यांनी दाखवून दिले की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही या रोगाचे कारण पार जाते. प्राण्यांत ओळखला गेलेला हा पहिला विषाणू. सव्वाशे वर्षे उलटली, तरी तो गोठ्यातून हललेला नाही. आपल्या आरएनएची नक्कल करताना तो चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही. अशा चुका साचत साचत त्याचे सात सिरोटाइप झाले. त्यातले ओ, ए आणि एशिया-1 आपल्याकडे सापडतात. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला रोखत नाही, म्हणून लशीत तिन्ही घालावे लागतात, आणि ती पुन्हा पुन्हा टोचावी लागते. बऱ्या झालेल्या गाईच्या घशात हा विषाणू महिनोन्महिने दडून राहू शकतो. डुकरात तसा राहत नाही. पण आजारी असताना डुक्कर श्वासावाटे गाईच्या कितीतरी पट विषाणू बाहेर टाकते. आपल्याकडे हे फारसे कुणी लक्षात घेत नाही. 1997 मध्ये तैवानात तर ओ सिरोटाइपचा असा वाण पसरला, की त्याने डुकरांत धुमाकूळ घातला आणि गाईंना जवळपास शिवलेही नाही. चाळीस लाखांच्या आसपास डुकरे गेली, बहुतेक साथ आवरण्यासाठी मारलेली.

बुळकांडीची गोष्ट वेगळी. बुळकांडीसारख्या गुरांच्या साथींसाठी 1889 मध्ये पुण्यात सुरू झालेली प्रयोगशाळा पुढे मुक्तेश्वरला गेली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. बुळकांडीचा विषाणूही आरएनएचाच, चुका करणाराच. पण त्याचा सिरोटाइप एकच, आणि बरे झालेले जनावर तो बाळगत नसे. चांगली लस हाती आल्यावर त्याला लपायला जागा उरली नाही. 2011 मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. तेव्हा विषाणू किती वेगाने बदलतो एवढेच विचारून भागत नाही. बदलून तो लशीला चुकवू शकतो का, हा खरा प्रश्न. आफ्रिकन स्वाइन फीवर तर डीएनएचा, सावकाश बदलणारा. तरीही 2020 मध्ये तो आसाम-अरुणाचलात शिरला तेव्हा हाती लस नव्हती. डुकरे मारणे आणि त्यांची ने-आण थांबवणे, एवढेच उपाय होते.

पुढच्या प्रकरणांत जनुकक्रमांचे वंशवृक्ष येतील, समीकरणेही येतील. ती जड वाटली तर खुशाल ओलांडा आणि लम्पीच्या प्रकरणावर या. 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस का टोचली, हे तिथे सांगितले आहे.