श्रीखंडे यांच्या आलेखाचा गैरअर्थ

आलेखाचा आकार आणि आयगेनमूल्ये यांचा संबंध सैल असतो, असे गणिताच्या वर्गांत सर्रास सांगतात आणि साक्षीला शरदचंद्र श्रीखंडे यांना उभे करतात. साक्ष खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही.

चार बाय चारच्या पटावर हत्ती एका चालीत जिथे पोचतो ती घरे जोडा. सोळा बिंदू, प्रत्येकाला सहा शेजारी. श्रीखंडे आलेखातही तेवढेच. दोन्हींची आयगेनमूल्ये तीच : ६ एकदा, २ सहा वेळा, −२ नऊ वेळा. तरी पटावर एका घराचे सहा शेजारी दोन सुट्या त्रिकोणांत विभागतात, श्रीखंडे आलेखात त्यांचा षट्कोन होतो. हे काम १९५९चे.

म्हणजे मूल्यांवरून आकार ओळखता येत नाही. आकार मूल्यांना बांधतो की नाही, हा उलट्या दिशेचा प्रश्न त्याने सुटत नाही. यावर प्रतिपक्ष म्हणतो : आलेखाच्या मॅट्रिक्समध्ये जोडांवर आणि कर्णावर हव्या त्या संख्या घालू द्या, बंधन उरणार नाही.

आपल्या संभाजीनगरचा जालना रोड घ्या. क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल, सिडको, मुकुंदवाडी हे सहा बिंदू, आणि जोड फक्त लगतच्यांत. त्यांची सममित मॅट्रिक्स मांडा : लगतच्या जोडीला शून्य सोडून कोणतीही संख्या, बाकी जोड्यांना शून्य, कर्णावर काहीही. कर्णातून कोणतेही आयगेनमूल्य वजा करून पहिला स्तंभ आणि शेवटची ओळ झाका. उरलेल्या पाच बाय पाचच्या कर्णावर जोडांच्याच संख्या येतात आणि त्याच्या वर सगळी शून्ये. निश्चयक शून्य होऊच शकत नाही, रँक पाचाखाली उतरत नाही. म्हणून एकही मूल्य दोनदा येत नाही, संख्या कितीही बदला. हा गुण फक्त अशा सरळ मार्गाचाच, हे मिरोस्लाव्ह फीडलर यांनी १९६९ मध्ये सिद्ध केले. तेच सहा बिंदू एक मध्ये, पाच भोवती असे जोडा. जोडांवर १ आणि कर्णावर ० घालताच ० हे मूल्य चार वेळा येते.

सगळी मूल्ये वेगवेगळी हवी असतील, तर ती कोणत्याही आलेखावर मिळतात. एवढे प्रतिपक्षाचे खरे. आकाराची पकड पुनरावृत्तीत दिसते, आणि कधी त्याहून खोल जाते. वृक्षांबाबत, म्हणजे वेटोळे नसलेल्या सलग आलेखांबाबत, असा समज होता की कोणते मूल्य किती वेळा, हा क्रम जमला की प्रत्यक्ष संख्या कोणत्याही चालतील. २००४ मध्ये बारिओली आणि फॅलट यांनी सोळाच बिंदूंचा असा वृक्ष दाखवला, जिथे क्रम जमूनही मनाजोगत्या संख्या बसत नाहीत.