हाली, कलदार आणि आता ई-रुपया

सध्या मोबाइलवर दोन प्रकारचे मेसेज फिरतायत. एक म्हणतो, नोटा बंद होणार, सगळं डिजिटल होणार, भ्रष्टाचार मुळापासून संपणार. दुसरा म्हणतो, बिटकॉइन आलं की सरकार आणि बँक दोघांचीही गरज उरणार नाही. दोन्ही वाचताना मला आपल्याच भागाचा इतिहास आठवतो. पैसा आणि राज्य यांची गाठ वऱ्हाडानं फार जवळून पाहिली आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

वऱ्हाड कशापायी गेलं?

आपण निजामाच्या राज्यात होतो, मग इंग्रजांकडे कसे गेलो? लढाई हरून नाही, उधारी थकून! निजामाच्या नावानं एक फौज होती, हैदराबाद कंटिंजंट. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. तिची एक मोठी छावणी आपल्या शेजारी हिंगोलीला होती. पगार द्यायला तिजोरीत पैसा नसायचा, म्हणून हैदराबादच्या पामर कंपनीकडून भारी व्याजानं कर्ज काढलं जायचं. पामर कंपनी पुढे बुडाली, पण ईस्ट इंडिया कंपनीचं येणं वाढतच गेलं. शेवटी १८५३ च्या तहानं वसुलीसाठी वऱ्हाडच इंग्रजांच्या ताब्यात दिलं गेलं.

पुढची गंमत बघा. १८६० मध्ये ५० लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूरचा भाग निजामाला परत मिळाला, वऱ्हाड मात्र मिळालं नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्यानं घेऊन टाकलं. वावर गहाण टाकल्यावर काय होतं हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. इथं अख्खा प्रांत गहाण पडला होता.

एक नदी, दोन रुपये

त्यामुळे वाशिमकडे इंग्रजांचा कलदार रुपया आणि पैनगंगेपलीकडे, हिंगोलीकडे, निजामाचा हाली सिक्का. साधारण ७ हाली म्हणजे ६ कलदार. वाशिम-हिंगोली रस्त्यावर कनेरगाव नाका आहे. गावाच्या नावात नाका अजून शिल्लक आहे. निजामाची जकात वेगळी, तिला करोडगिरी म्हणत. भाषा एक, सोयरीक एक, पण खिशातला रुपया नदी ओलांडली की बदलायचा.

हा नुसता बाजारातला हिशोब नव्हता. १९४७ च्या अखेरीस, भारताशी जैसे थे करार झाल्यावर, निजाम सरकारनं भारतीय रुपया आपल्या राज्यात कायदेशीर चलन नाही असा वटहुकूम काढला. पाकिस्तानला २० कोटींचं कर्जही दिलं, तेसुद्धा भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात. आपलं राज्य वेगळं आहे हे सांगायला निजामानं तोफेआधी चलन वापरलं. सप्टेंबर १९४८ मध्ये पाच दिवसांत ती राजवट गेली, पण हाली सिक्का त्यानंतरही काही वर्षं चालत राहिला. राजा गेला तरी नाणं लगेच जात नाही, कारण ते लोकांच्या हातात असतं.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा प्रश्न त्यातच आहे.

एका भाषणात नोट कागद

८ नोव्हेंबर २०१६. सोयाबीन निघालेलं, कापूस घरात येतोय, रब्बीची पेरणी तोंडावर. रात्री आठच्या भाषणात ५०० आणि १००० च्या नोटा गेल्या. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. शहरातल्या माणसाला एक बँक नाही तर दुसरी होती; खेड्यातल्या माणसाचं खातं बहुधा जिल्हा बँकेतच. पुढे रिझर्व्ह बँकेनंच सांगितलं की ९९ टक्क्यांहून जास्त नोटा परत आल्या. काळा पैसा किती सापडला ते तुम्हीच ठरवा.

आता डिजिटलची चांगली बाजूही सांगतो. चहाच्या टपरीपासून भाजीच्या दुकानापर्यंत यूपीआय पोहोचलं, सुट्ट्या पैशांची कटकट गेली. पीएम किसान असो की लाडकी बहीण, पैसा थेट खात्यात येतो, मधला हात गेला. पण त्याचबरोबर राजकारणही खात्यात आलं. पूर्वी पुढारी रस्ता दाखवून मतं मागायचा, आता हप्त्याचा मेसेज दाखवून मागतो.

कोणाला दिसतं, कोणाला नाही

निवडणूक रोख्यांचं उदाहरण घ्या. २०१८ पासून स्टेट बँकेतून रोखे विकले गेले. देणाऱ्याचं नाव जनतेला कळत नव्हतं, पण प्रत्येक रोख्यावर साध्या डोळ्यांना न दिसणारा क्रमांक होता. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं योजना रद्द केली, तेव्हा कुठं कोणी कोणाला किती दिले हे बाहेर आलं. म्हणजे तंत्रज्ञानात माग काढायची सोय आधीपासून होती. ती मतदाराच्या हाती नव्हती, एवढंच.

आता ई-रुपया

रिझर्व्ह बँकेनं १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी ई-रुपयाचा प्रयोग सुरू केला. यूपीआयमध्ये पैसा बँकेतच असतो, आपण फक्त तो हलवायचा आदेश देतो. ई-रुपया म्हणजे थेट रिझर्व्ह बँकेची नोटच, फक्त मोबाइलमधली. २०२४ मध्ये बँकेनं त्यात अटी घालता येतील अशा वापराची चाचणी जाहीर केली. म्हणजे हा पैसा अमुक कामासाठीच खर्च होईल, असं पैशातच लिहून ठेवता येईल.

ऐकायला बरं वाटतं. खताचं अनुदान खतावरच जाईल. पण आपल्याकडं 'होल्ड' हा शब्द शेतकऱ्याला चांगला पाठ आहे. पीककर्ज थकलं म्हणून विम्याचे किंवा अतिवृष्टीच्या मदतीचे पैसे खात्यात अडकल्याच्या तक्रारी मी वीस वर्षांच्या पत्रकारितेत किती ऐकल्या, मोजदाद नाही. आज होल्ड खात्यावर लागतो, निदान मॅनेजरशी भांडता तरी येतं. उद्या तो रुपयाच्या आतच असेल, तर भांडायचं कोणाशी?

आणि बिटकॉइन? त्यावर सरकार नाही हे खरं. पण जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून साधारण १९०० कोटींहून जास्त रकमेची चोरी झाली आणि लोकांचे पैसे अडकून पडले. राजा नसला म्हणून दरोडेखोर नसतो असं नाही.

मी डिजिटल पैशाच्या विरोधात नाही. पण तीन गोष्टी कायद्यात लिहून हव्यात. ज्याला रोख हवी त्याला रोख मिळेल. अट कोण घालू शकतो, त्यावर दाद कुठं मागायची हे ठरलेलं असेल. आणि आमचा व्यवहार सरकारला दिसणार असेल, तर पक्षांचा आणि सरकारचा पैसा आम्हालाही दिसेल.

१८५३ ला वऱ्हाडाचा सौदा झाला तेव्हा वऱ्हाडी माणसाला कोणी विचारलं नव्हतं. आज आपल्या हातात मत आहे. येत्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला हप्ता किती एवढंच विचारू नका, होल्ड कोण लावणार हेही विचारा. आणि घरात कोणी हाली-कलदार पाहिलेलं म्हातारं माणूस असेल, तर त्याच्या आठवणी आजच लिहून घ्या.